पहिली सही

याकूबनं ज्वारीचा डबा स्कूटरच्या पायदानावर ठेवला, दोन्ही पायांच्या मध्ये धरला आणि किल्ली फिरवणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नाव बघून त्यानं किल्ली तशीच सोडली. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. गेले तीन दिवस तो गोडच बोलत होता, आणि याकूबला त्या गोडपणाचीच जास्त भीती वाटायला लागली होती.

"आज सहा वाजेपर्यंत," मॅनेजर हिंदीत म्हणाला. "सहानंतर माझ्याही हातात काही राहणार नाही, कॅप्टन."

याकूबनं फक्त "हां" म्हणून फोन ठेवला. दारात जैनब उभी होती. बायकोला फोन कुणाचा हे विचारायची गरज पडली नाही. नवऱ्याचा चेहरा तिला तीन दिवसांपासून पाठ झाला होता.

"काय म्हनतोय?"

"त्येच. सही."

याकूब मुल्ला लांब पूर्वेकडच्या एका क्लबचा कॅप्टन. बचावफळीत खेळायचा. वय तीस, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबानं उतरणीला लागलेला. यंदा वरच्या लोकांच्या भांडणात लीग सुरूच झाली नाही, आणि दोन महिन्यांपासून तो कुपवाडला घरी बसून होता. मग क्लबनं चोवीस खेळाडूंना पत्र धाडलं: लीग सुरू होईपर्यंत निम्म्या पगारावर राहायचं, खाली सही करा. खेळाडूंनी त्यांच्या ग्रुपवर ठरवलं, कुणीही सही करायची नाही. ते वाक्य टाइप केलं होतं याकूबनंच, आणि त्याखाली तेवीस अंगठे आले होते.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं त्याला एकट्याला फोन केला. तू कॅप्टन आहेस, तू पहिली सही कर, बाकीचे आपोआप करतील. तुझा पगार फक्त दहा टक्के कापू. तुझं पत्र वेगळं करू. कुणाला कळणार नाही. आणि नाहीच केलीस तर पगार बंद, करार मात्र मे महिन्यापर्यंत चालू. म्हणजे दुसऱ्या क्लबात जाता येणार नाही. कऱ्हाडला शंभूराज नावाचा त्याचा जुना दोस्त स्पर्धा भरवत होता, तो रोज फोन करायचा, "ये गड्या, एक मॅच तरी खेळ." करारात तेही बसत नव्हतं. पायात बूट होते आणि मैदान कुठंच नव्हतं. रात्र रात्र याकूब छताकडे बघत पडायचा आणि जैनब झोपल्याचं सोंग करायची.

ओट्यावर त्याचे वडील, अमीर, गॅसची शेगडी उलटी करून बर्नरची भोकं तारेनं साफ करत बसले होते. कुपवाडच्या एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं साचे भरले होते. उडालेल्या लोखंडाचे डाग अजून त्यांच्या हातांवर होते. मान वर न करता ते म्हणाले,

"पयली सही तुजीच मागत्यात व्हय?"

याकूब दचकला. ही गोष्ट त्यानं फक्त जैनबला सांगितली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"तुमाला कुनी सांगितलं, अब्बा?"

"सांगाय कशाला पायजे? पयलीच मागत्यात. बाकीच्या फुकट येत्यात."

याकूब स्कूटरवरून उतरला. कुणीतरी मोठ्या माणसानं हो किंवा नाही म्हणून टाकावं, इतका तो थकला होता.

"मग काय करू? करू का?"

अमीरनं तार एका भोकात घातली आणि बराच वेळ तिथंच फिरवली.

"कर म्हनवत न्हाई. नगं म्हनायला मला तोंड न्हाई." मग शेगडी बाजूला सारून ते म्हणाले, "आज ज्वारी गुंडाच्या गिरनीत ने."

जैनब दारातच थबकली. गुंडाची गिरणी याच गल्लीत, पंचवीस पावलांवर. पण या घरचं दळण तिकडे कधी गेलं नव्हतं. याकूबची आई होती तोवर ती डोक्यावर डबा घेऊन मोठ्या रस्त्यापलीकडच्या गिरणीत जायची. जैनब लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात चुकून गुंडाकडे निघाली होती, तर सासूनं अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. का, ते सांगितलं नाही. याकूबला वाटायचं, जागेचं कायतरी जुनं भांडण असेल. गल्लीत अशी भांडणं असतात, आणि त्याचं सगळं लक्ष तेव्हा चेंडूत होतं.

त्यानं डबा खांद्यावर घेतला आणि चालत निघाला.

गिरणीत गव्हाचं दळण चालू होतं. गुंडाच्या भुवया, मिशा, गंजीफ्रॉक सगळं पांढरं झालं होतं. त्यानं पिठाच्या धारेखाली हात धरला, अंगठ्यानं पीठ बोटांवर चोळून पाहिलं आणि मग दाराकडे बघितलं.

"अमीरचा याकूब न्हवं तू?"

"व्हय, काका."

"चुकून आलास का धाडलंय?"

"अब्बांनी धाडलंय."

गुंडाचा हात तसाच पिठाखाली राहिला. पीठ ओंजळीतून सांडायला लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"गव्हाचं चाललंय," तो म्हणाला. "ज्वारीला थांबावं लागंल. गव्हावर ज्वारी घातली की भाकरी चिकाट हुत्या."

याकूब बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्यावरही पीठ. पाच वाजून दहा मिनिटं. तो पुन्हा पुन्हा तिकडे बघत होता.

"घाई हाय का?"

"सहाच्या आत एक सही करायची हाय. न्हाईतर करायची न्हाई."

"कसली?"

आणि याकूबनं सांगून टाकलं. चोवीस जण, त्यानंच टाइप केलेलं वाक्य, दहा टक्के, वेगळं पत्र, कुणाला कळणार नाही. ज्या माणसाशी इतक्या वर्षांत दहा शब्द बोलला नव्हता, त्याला हे सांगणं घरच्यापेक्षा सोपं गेलं. गुंडा मध्येच उठून वरच्या तोंडात गहू लोटायचा, परत येऊन उभा राहायचा. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"तुज्या बापानं तुला फाउंड्रीचं सांगितलं न्हाई वाटतं."

"संप झालता एवढं म्हाईत हाय."

"संप न्हवं. पगार कापायचा म्हनली कंपनी, आमी न्हाई म्हनलो, तर गेटला कुलूप घातलं. सव्वीस मानसं. एकोनीस दिस मांडव घालून बसलो हुतो. तुजा बाप आन मी एका डब्यात जेवायचो. इसाव्या दिशी सकाळी त्यो एकटा आत गेला आन सही करून आला. सांजंपातूर सतरा जनांनी केल्या. ऱ्हायलेल्यांस्नी पुन्ना आत घेतलं न्हाई. त्यात मी. मग ही गिरनी टाकली."

गिरणीच्या आवाजात याकूबला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण ऐकलं नीटच होतं.

"कवाची गोष्ट?"

"तू पुन्याला गेलास त्या आटवड्यातली. शनवारी सही झाली. सोमवारी तू गाडीत बसलास."

याकूबला तो रविवार आठवला. तेव्हा तो सोळाचा होता. पुण्याच्या अकादमीत निवड झाली होती आणि फी भरायची सोय नव्हती. त्या दिवशी अब्बा फीचे पैसे आणि नव्या बुटांचं खोकं घेऊन आले होते. कंपनीनं उचल दिली, म्हणाले. रात्रभर तो ते बूट उशाशी घेऊन झोपला होता. चौदा वर्षं मुलाखतीत विचारलं की तो हीच गोष्ट सांगायचा, आणि लोकांना ती आवडायची. आता त्याला मान वर करवेना.

"म्हनून तुमी बोलत न्हाई," तो म्हणाला.

"सही केली म्हनून न्हाई रं." गुंडा त्याच्याशेजारी बाकावर येऊन बसला. "आदल्या राती मांडवात आमी शेजारी शेजारी झोपलो हुतो. एक चादर दोघांत. त्यो जागा हुता, मला कळत हुतं. पर बोलला न्हाई. बोलला आसता तर मीच म्हनलो आसतो, जा गड्या, कर सही, पोराचं हाय. सव्वीसातला एक आत गेला म्हनून मांडव पडत न्हवता. पर त्यो लपून गेला. मग परत्येकाला वाटाय लागलं, आपल्या शेजारचा बी असाच लपून जानार. म्हनून पडला मांडव."

गहू संपत आला होता. जात्याचा आवाज बदलला. गुंडा उठला नाही.

"तुमी कवा इचारलं न्हाई त्यांला?"

"न्हाई," गुंडा म्हणाला. "त्यो दळाय आला न्हाई, मी इचाराय गेलो न्हाई. पंचवीस पावलं हायती."

मग तो उठला, गव्हाचं पीठ बाजूला केलं, पट्टा थोपटला आणि याकूबची ज्वारी वर ओतली. त्या खडखडाटात बोलणं शक्यच नव्हतं. याकूबनं फोन काढला. पाच अडतीस. त्यानं ग्रुप उघडला आणि काही लपवून न ठेवता लिहिलं: मॅनेजरनं मला एकट्याला फोन केला होता. पहिली सही कर, तुझे दहाच टक्के कापू, कुणाला कळणार नाही, असं म्हणाला. मी तीन दिवस तुम्हाला हे सांगितलं नाही. सही अजून केलेली नाही. करणार नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मला भीती वाटते आहे.

त्यानं पाठवलं आणि फोन मांडीवर ठेवला. आता शिव्या येतील, अशी त्यानं तयारी केली.

पहिला संदेश गोव्याच्या पोराचा आला. "मलाही." मग मणिपूरचा. "मलाही. दहा टक्के." मग एकामागून एक. "पहिली सही तुझी, असं मला म्हणाला." "मला पण म्हणाला." राखीव गोलकीपर, जो दोन वर्षांत एकही सामना खेळला नव्हता, त्यालाही मॅनेजर म्हणाला होता की सगळे तुझ्याकडे बघून सह्या करतील. याकूबला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"काय झालं?" गुंडानं खुणेनं विचारलं.

"सगळ्यांस्नी ह्येच सांगितलंय, काका. परत्येकाला."

गुंडा हसला नाही. तो वरच्या तोंडातली ज्वारी हातानं पुढं लोटत राहिला. "आमाला बी तसंच आसंल सांगितलं," तो स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला. "कुनी बोललंच न्हाई तर कळायचं कसं."

फोन पुन्हा थरथरला. या वेळी संदेश नव्हता, एक बारीक ओळ होती: अजमल ग्रुपमधून बाहेर पडला.

अजमल केरळातल्या मलप्पुरमचा. चार वर्षं मैदानात याकूबच्या उजव्या हाताला खेळलेला, बाहेर गेल्यावर त्याच्याच खोलीत झोपलेला. ओळीचा अर्थ सगळ्यांना एकदमच कळला. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, गद्दार. त्याखाली आणखी चौघांनी.

पीठ डब्यात पडलं. याकूब झाकण लावायला गेला तर गुंडानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"गरम पिठाला झाकन लावू नगंस, घाम धरतंय. झाकन ऱ्हाऊ दे हितंच. अमीरला म्हनावं, येऊन घिऊन जा."

उघडा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून याकूब परत आला. अमीर ओट्यावर होते तिथंच होते. शेगडी कधीच साफ होऊन बाजूला पडली होती. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं.

"झाकन?"

"गुंडाकाकांनी ठिवून घेतलंय. तुमीच येऊन न्यावं म्हनालं."

अमीरनं डब्यात हात घातला. पीठ अजून गरम होतं. हात त्यांनी बाहेर काढला नाही.

"सांगितलं त्यानं?"

"सांगितलं."

मग अमीर म्हणाले, "तुजी सही?"

"न्हाई केली. पर पयली झालीया." याकूबनं फोन पुढं केला, मग अब्बांना चष्म्याशिवाय दिसत नाही हे आठवून स्वतःच सांगितलं. "अजमलची. लय शिव्या द्यायला लागल्यात त्याला."

"ल्हान मूल हाय का त्याला?"

"पोरगी हाय. तीन म्हयन्याची."

अमीरनं मान हलवली, जणू याशिवाय दुसरं काही असूच शकत नव्हतं.

सहा वाजले. सहा वाजून एका मिनिटानं क्लबचा मेल आला, चार ओळींचा. वेतन आजपासून स्थगित, करार एकतीस मेपर्यंत लागू. जैनबनं तो त्याच्या खांद्यावरून वाचला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेपर्यंत आठ महिने होते. याकूबनं ते मोजले नाहीत. त्यानं मेल बंद केला आणि अजमलचा नंबर लावला.

पहिल्यांदा तिकडून कट झाला. त्यानं पुन्हा लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला. नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागं बारकं पोर रडत होतं.

"अजमल," याकूब म्हणाला, "खाना खाया क्या?"

तेवढ्यात ओट्यावर अमीर उठून उभे राहिले होते. पिठानं पांढरा झालेला हात त्यांनी झटकला नाही. भिंतीला धरून ते पायांनी चपला चाचपत होते.

"कुठं निघालाय, अब्बा?" जैनबनं हळूच विचारलं.

"झाकन आनतो," ते म्हणाले.