श्वास रोखायचं बटण

मी एक जुनी जॉयस्टिक आहे, मित्रांनो. माझ्या डाव्या दांडीचं रबर झिजलंय, वायरीला चिकटपट्टी आहे, आणि स्वभाव म्हणाल तर पहिल्यापासून जरा फटकळ. कारखान्यात माझ्यासारख्या ढिगाने बनल्या. माझं नशीब मला ताईच्या टेबलावर घेऊन आलं.

ताई गेम बनवायची. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल आणि सगळीकडे चहाचे कप, हेच तिचं ऑफिस. गेम लढाईचा होता. जीपवर बंदूक बसवलेली, आणि खेळणाऱ्याने मागे उभं राहून चालत्या गाडीतून नेम धरायचा. हे सगळं तिला धाकट्या भावाने सांगितलं होतं. तो सैन्यात खरोखर अशीच बंदूक चालवायचा. परत आला तो गप्प होऊनच. त्याचा जिवलग मित्र, ज्याला सगळे पैलवान म्हणत, जीप चालवताना समोरच्या गोळीने गेला होता. त्याच जीपच्या मागच्या बंदुकीवरून भावाने त्याला वाचवायची शिकस्त केली, पण गाडी खड्ड्यांतून उडत होती. त्याची एकही गोळी लागली नाही.

गेमच्या निमित्ताने तो पुन्हा बोलायला लागला. "ताई, नेम एवढा शांत कसा? गाडी चालतेय ना? अजून हलव." ताई हलवायची. तो मला हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "हां, अस्सं! आता कुणाच्या बापाचा नेम लागणार नाही." आणि चक्क हसायचा. त्या हसण्यासाठी ताईने काय वाट्टेल ते केलं असतं. मीसुद्धा.

मग गेम खेळून बघायला मंडळी आली. काय बडवलं हो मला त्यांनी! "नेमच लागत नाही, कसला भंगार गेम!" म्हणत एकाने मला सोफ्यावर आपटलं. ताईचं तरी काय चुकलं? कुणी खेळणारच नसेल, तर गेम बनवायचा कशाला? तिने माझ्या डाव्या खांद्यावरच्या बटणाला नवं काम दिलं. ते दाबून धरलं की गेममधला गडी श्वास रोखतो, आणि गाडी कितीही उडाली तरी नेम जागच्या जागी थांबतो. मंडळी खूश झाली.

भावाला बरं वाटावं म्हणून तिने आणखी एक केलं. जीपच्या ड्रायव्हरला पैलवानाचं रूप दिलं. तिरकी टोपी, शीळ घालायची सवय, सगळं भावाने सांगितलं तसं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होईल, हे तिच्या मनातही आलं नाही.

"छोट्या, बस. गंमत दाखवते," ती रविवारी दुपारी म्हणाली.

शीळ ऐकून तो खुलला. "अगं, हा तर पैलवान!" तेवढ्यात समोरून गोळीबार सुरू झाला. तो गडबडला. ताई मागून ओरडली, "डावं बटण दाब!" त्याने दाबलं. नेम थांबला. एकाच गोळीत समोरचा पडला. जीप पुढे निघाली आणि पैलवान शीळ घालत राहिला.

त्याचं बोट बटणावरून निघेना.

"म्हणजे एवढंच करायचं होतं," तो म्हणाला. "श्वास रोखायला हवा होता मी."

"वेडा आहेस का? अरे, खेळ आहे हा! खऱ्या गाडीवर असं होत नाही, तूच सांगितलंस ना?"

"हो. मीच सांगितलं." त्याने मला टेबलावर अगदी हळू ठेवलं. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या खोलीत तो पुन्हा आला नाही. आता परगावी ट्रक चालवतो. ताई फोन करते, तेव्हा "बरा आहे" म्हणतो आणि ठेवून देतो. गेम जोरात चालला. त्या बटणाचं तर फारच कौतुक झालं. ताईकडे नवी जॉयस्टिक आली आणि मी खणात गेले.

मध्यंतरी तिने मला बाहेर काढलं. बटण न दाबता तोच प्रसंग ती पुन्हा पुन्हा खेळत बसली. दर वेळी नेम उडाला आणि दर वेळी पैलवान गेला. शेवटी मला उराशी धरून ती ढसाढसा रडली. "नाहीच लागत रे, छोट्या. कुणालाच लागला नसता." ऐकायला खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं काय, झालं आयुष्य. पण तुमच्या घरी कुणी असं मनातून मोडून परत आलं असेल, तर 'असं केलं असतंस तर' हे त्याला खेळातसुद्धा दाखवू नका. त्याच्याजवळ बसा आणि तुझा दोष नव्हता, एवढं तोंडावर सांगा. आमच्या ताईला फोनवर ते सांगायचा धीर अजून होत नाही.