दहा नंबरचा दोष

चिखलीतल्या दत्तोबा शेठच्या वर्कशॉपमध्ये नव्या मशीनपुढे अशी गर्दी जमली होती, की चहाची किटलीसुद्धा आत जाईना. मशीनला झेंडूचा हार, पॅनलवर कुंकू आणि मधोमध खुर्चीत अंकसम्राट महाराज. क्वालिटीची इंजिनिअर चारुलता ऑडिटसाठी चाकणला गेली होती. ती परतली तेव्हा चमत्कार होऊन गेला होता.

चमत्कार असा. दहा नंबरचं हे मशीन बसल्यापासून त्याचा तपासणी रिपोर्ट माल घेणाऱ्या चाकणच्या कंपनीला पोचतच नव्हता. बाकी नऊ मशीनचे रिपोर्ट कॉम्प्युटर आपोआप पाठवी, हा तेवढा अडकून पडे. रिपोर्ट नाही म्हणून माल गेटवरूनच परत. महाराजांनी बोटं मोजली, डोळे मिटले आणि फर्मावलं, "दहातला एक म्हणजे अहंकार. तो काढा. शून्य उरू द्या, शून्यात ब्रह्म आहे. आणि चालवणारा हात बदला. या हाताला राहू चिकटलाय."

तो हात साबियाचा होता. करीम मेकॅनिकची मुलगी, आयटीआय पास, घरात पगार आणणारी एकटीच. तिला दुपारीच घरी बसवलं. मशीनवर शून्य रंगवलं, कॉम्प्युटरमध्येही शून्य नोंदवलं, तिच्या जागेवर दुसऱ्या ऑपरेटरला, जयदीपला, उभं केलं, आणि त्याच्या पहिल्याच मालाचा रिपोर्ट सुखरूप पोचला. ब्रह्म इतक्या स्वस्तात मिळतं हे चारुलताला ठाऊक नव्हतं. तिला महाराजांपेक्षा हात जोडून उभ्या असलेल्या डिग्रीवाल्या इंजिनिअरांचा राग जास्त आला.

"शेठ, तुम्ही हात बदललात आणि नंबरही बदललात. गुण कशाचा आला, हे कसं कळलं?"

"रिपोर्ट गेला न्हवं मॅडम? मग कीस कशापायी काढताय?"

तिने सगळ्यांदेखत कॉम्प्युटर उघडला. जयदीपने काढलेल्या रिपोर्टच्या फाइलला पुन्हा दहा नंबरचं नाव दिलं. फाइल अडकली. मग साबियाची अडकलेली जुनी फाइल घेतली आणि नावात दहाऐवजी शून्य लिहिलं. ती तत्काळ गेली.

"राहू नावात होता का हातात?" तिने विचारलं.

महाराज म्हणाले, "यंत्रालाही प्रारब्ध असतं, ताई."

"असेल. पण रिपोर्ट पाठवणारा हा प्रोग्राम लिहिला तेव्हा इथे नऊच मशीन होती. फाइल ओळखायला लिहिणाऱ्याने नंबराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. कॉम्प्युटरला त्याचा अर्थ एवढाच, की इथे कुठलाही एकच अंक चालेल. दहात अंक दोन, म्हणून फाइल मागे राहायची. शून्य एकच अंक, म्हणून गेली. प्रश्नचिन्हाऐवजी चांदणी, म्हणजे स्टारचं चिन्ह टाकलं, की कितीही अंक चालतात."

तिने चांदणी टाकली. दहा नंबरची फाइल गेली. एकशे आठ नंबरची खोटी फाइल करून पाहिली, तीही गेली.

मग दत्तोबा शेठने महाराजांना नमस्कार केला. "बगा, म्हाराजांनीच मॅडमना बुद्धी दिली." लोकांनी माना डोलावल्या. महाराजांनी चारुलताला आशीर्वाद दिला आणि ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारुलता करीमच्या गॅरेजवर गेली. शेठ परत घ्यायला तयार आहेत, म्हणाली.

साबिया हसली नाही. "त्याच लोकांत जाऊ? दुसरीकडे विचारून आले मॅडम. तिथे वर्कशॉपमधून आधीच फोन गेला होता, दहा नंबरवाली म्हणून. माझ्या हातून माल बिघडला का, एवढंही कुणी बघितलं नाही. आता तुम्ही तो प्रोग्राम कुणाकुणाला दाखवणार?"

करीमने पुढे केलेला चहा चारुलताने तसाच बाजूला ठेवला.

प्रोग्राम दुरुस्त आहे, सगळे रिपोर्ट जातात. मशीनवरचं शून्य मात्र शेठने पुसू दिलेलं नाही, त्याला रोज हार चढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, यात अवघड काय आहे? नशिबाला, ग्रहाला, कुणाच्या हाताला दोष देण्याआधी तेवढं करून पाहा. साबियासाठी ते कुणीच वेळेवर केलं नाही.