पांढऱ्या पायरीवरचे पाणी

मी शाळेचा एक जुना ढोल आहे, मित्रांनो, आणि आता वर्षातून एकदाच वाजतो. त्यामुळे बोलायला मला सवड भरपूर आहे. ऐकायला तुमच्यापाशी असेल, तर थोडे जवळ या. जे सांगायचे आहे, ते मोठ्याने सांगण्यासारखे नाही.

माझे अंग फणसाच्या लाकडाचे आहे. थू बोन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, लियेम नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या, एकमेकींना जोडल्या आणि दोन्ही तोंडांवर म्हशीचे कातडे बांबूच्या खुंट्यांनी ठोकून बसवले. कातडे पुरते ताणले जावे, म्हणून आमच्याकडे नव्या ढोलावर माणसांना उभे करून नाचवतात. माझ्यावर त्या वर्षीची पहिलीची सगळी मुले अनवाणी नाचली. जगाचा पहिला स्पर्श मला झाला, तो चिखलाने माखलेल्या लहान तळव्यांचा. पुढे माझ्यातून जो नाद निघाला, त्याच्या तळाशी ती पावले होती, असे मला कित्येक वर्षे वाटत राहिले.

शाळा नदीकाठच्या उंचवट्यावर होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे मुख्याध्यापकांची निजायची खोली. मला व्हरांड्याच्या तुळईला टांगले. तिथून खाली उतरणारा दगडी घाट दिसे, आणि पलीकडे तुतीच्या झाडांचे दाउ बेट. निम्मी मुले या काठावरची, निम्मी बेटावरची. बेटाच्या बाजूला नदी उथळ आणि संथ वाहते. तिचा खरा जोर शाळेच्या काठाला लागून असतो. म्हणून पावसाळ्यात बेटावर उभे राहून नदीचा अंदाज येत नाही. तो याच काठावरून घ्यावा लागतो.

खुएबाई मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. पहिल्याच पावसाळ्याआधी त्यांनी घाटाची एक पायरी चुन्याने पांढरी केली आणि पालकांना बोलावून नियम सांगितला. रोज पहाटे त्या घाटावर उतरतील. पांढरी पायरी उघडी असेल, तर ढोल वाजेल. ती पाण्याखाली गेली असेल, तर वाजणार नाही, आणि ज्या दिवशी ढोल वाजला नाही, त्या दिवशी बेटावरून कुणी होडी सोडायची नाही.

अकरा वर्षे हा नियम पाळला गेला. बाई कंदील घेऊन उतरत, पायरीपाशी वाकून पाहत, परत येत आणि टिपरू उचलत. तीन, तीन आणि तीन. त्यांचा हात हलका होता, पण डगमगत नसे. मित्रांनो, ढोलाला स्वतःचा आवाज नसतो. जो वाजवतो, त्याची खात्री माझ्या पोकळीत शिरते आणि मोठी होऊन बाहेर पडते. बाईंची खात्री मी अकरा वर्षे नदीपलीकडे पोचवली. तेवढा अभिमान मला होता.

शाळेत शिक्षक दोनच. दुसरे खांगसर, ते गावाहून मोटारसायकलवर सातला येत आणि हेल्मेट काढता काढता बाईंची चेष्टा करत. “मुख्याध्यापक तुम्ही, शिपाई तुम्ही, आचारी तुम्ही, ढोलवाल्याही तुम्हीच. बाई, माझ्यासाठी एखादं पद तरी शिल्लक ठेवा.”

“छप्पर गळतंय,” बाई म्हणत. “ते पद रिकामं आहे. चढा वर.”

बेटावरची मुले आणायचे काम बेनआजीचे. सत्तरीची, काटक, सुपारीने दात काळे झालेली. तिचा मुलगा तोआन दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात कामाला होता, सूनही तिथेच. तिसरीतली नात लुआ आजीपाशी राही. आजी दोन खेपांत एकोणीस मुले पोचवी आणि व्हरांड्यात टेकून मला बोल लावी. “याला म्हशीचं कातडं लावलंय म्हणतात. म्हैस तरी दुपारी गप बसते.”

“तो वाजला नाही तर तुम्हीच बोंब मारत याल, आजी.”

“वाजला नाही तर झोपेन की. तो वाजला की मी नदीकडं बघतसुद्धा नाही, सरळ वल्हं उचलते. बघायला तुम्ही आहात.”

हे ती हसत म्हणाली होती, आणि बाईही हसल्या होत्या.

मग हळूहळू गाव विरळ होत गेले. तरुण आईबाप कारखान्यांकडे गेले. काहींनी मुले आजीआजोबांकडे ठेवली, काहींनी सोबत नेली. हजेरीपटावरची नावे झाडावरच्या पानांसारखी, आवाज न करता कमी झाली. जिल्ह्याहून पत्र आले: चाळीसपेक्षा कमी मुले असलेली शाळा खालच्या मोठ्या शाळेत विलीन होईल. ती शाळा सात किलोमीटरवर होती. आमच्याकडे एकेचाळीस मुले होती. परंतु बेटावरची मुले पावसाळ्यात येतच नाहीत, ती केवळ कागदावर आहेत, असे कुणीतरी वर कळवले होते. म्हणून तपासणी ठरली, आणि तीही ऑक्टोबरात.

आदल्या संध्याकाळी पाऊस थांबेना, तेव्हा बाईंनी व्हरांड्यात उभे राहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना फोन लावला. त्यांचे बोलणे मी ऐकले, आणि पलीकडचेही, कारण पावसामुळे त्यांनी फोनचा आवाज मोठा केला होता.

“साहेब, दोन दिवस पुढे ढकलता येईल का? नदी वाढतेय.”

“यादी शुक्रवारी वर जाते, बाई. पाऊस काय, दरवर्षीच असतो.”

“मुलं खरीच आहेत, साहेब.”

“असतील ना. म्हणून तर बघायला येतोय.”

पहाटे त्या कंदील घेऊन उतरल्या. पाऊस जरासा उघडला होता. व्हरांड्यातून मला त्यांचा उजेड दिसत होता. तो एका जागी थांबला आणि नेहमीपेक्षा फार वेळ हलला नाही. पांढरी पायरी पाण्याखाली होती. वीतभर असेल, अधिक नाही. त्या वर आल्या. मागे बेट धुक्यात होते. टिपरू हातात घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मला वाटले की त्या ते पुन्हा खुंटीला अडकवतील.

तीन, तीन आणि तीन.

मित्रांनो, मी नेहमीसारखाच वाजलो. हेच मला अजून सहन होत नाही. माझ्या नादाला चीर पडायला हवी होती, कातड्याने दगा द्यायला हवा होता. तसे काही झाले नाही. हाताला कंप नव्हता. नाद घाट उतरून गेला, पाण्यावरून गेला आणि धुक्यात त्या माणसांपाशी पोचला, ज्यांना नदीकडे पाहण्याची सवय उरली नव्हती.

दोन्ही खेपा सुखरूप पार पडल्या. एकोणीस मुले ओल्या टोप्यांनी वर्गात जाऊन बसली. शेवटच्या खेपेनंतर आजी घाट चढून आली, तेव्हा तिला धाप लागली होती.

“बाई, आज पाणी अंगावर येतंय. वल्हं हातातनं ओढून नेतंय नुसतं. पण तुम्ही बघितलंच असणार.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बघितलंय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आजी, आता जाऊ नका. इथंच बसा, चहा टाकते.”

“म्हैस बांधलीय बेटावर, खाली काठाला. पाणी वाढलं तर तिला कोण सोडणार? तुमचा ढोल?”

बाईंनी तोंड उघडले. त्या काय सांगणार होत्या, ते मला ठाऊक आहे. एका वाक्याचा अवकाश होता. तेवढ्यात रस्त्यावर दोन मोटारसायकलींचे आवाज आले आणि खांगसर धावत आले. “बाई, आले ते. आधी वर्गात चला.” बाईंनी एकदा आजीकडे पाहिले, एकदा रस्त्याकडे, आणि त्या वर्गाकडे गेल्या. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घाट उतरू लागली.

रेनकोटातल्या साहेबांनी मुले दोनदा मोजली. एकेचाळीस.

“एवढ्या पाण्यातून आली?”

“रोज येतात, साहेब,” खांगसर म्हणाले. “तुम्हीच नवीन आहात.”

साहेब हसले. बाईंच्या कामाची त्यांनी मनापासून वाखाणणी केली, शेरेबुकात चांगल्या चार ओळी लिहिल्या आणि पाणी वाढायच्या आत निघून गेले. शाळा वाचली होती. बाई घाटाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या काठाला होडी नव्हती.

दुपारी होडी खाली दोन मैलांवर, बांबूच्या झाडीत पालथी सापडली. आजी दुसऱ्या दिवशी सापडली.

कुणी बाईंना बोल लावला नाही. पाणी मागाहून चढले, अशीच सर्वांची समजूत होती. पहाटे ढोल वाजला होता, म्हणजे पायरी उघडी असणार. अंत्ययात्रेत लोक बाईंचे हात धरून रडले. पाणी उतरेपर्यंत मुलांना शाळेतच ठेवून घेतले म्हणून त्यांचे उपकार मानले गेले. लुआ डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधून वर्गात येई आणि खिडकीकडे पाठ करून बसे. बाई रोज तिचा डबा उघडून देत. रोज पहाटे त्या मला वाजवत, आणि दर वेळी घाव पडण्याआधी त्यांचा हात हवेत क्षणभर अडे. बाहेर कुणाला ते ऐकू आले नसेल. मला येई.

मृतासाठी आमच्याकडे एकोणपन्नासाव्या दिवशी विधी करतात, आजीचे ते झाल्यावर बाईंनी सर्व पालकांना शाळेत बोलावले. अंत्ययात्रेला आलेला आजीचा मुलगा तोआन अजून गावात होता, तोही आला. व्हरांड्यात माणसे दाटीने बसली होती. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“त्या दिवशी पांढरी पायरी पाण्याखाली होती,” त्या म्हणाल्या. “मी पाहिली होती. पाहून मी ढोल वाजवला. तपासणी होती म्हणून.”

मग तोआन बोलला, जमिनीकडे पाहत. “आईला मी दर नव्या वर्षाला म्हणायचो, होडी सोड आता. ती म्हणायची, बाई बघतात ना नदी.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, बाई. नदीवर राग धरणं सोपं होतं.”

तो उठून घाटाकडे गेला. बाकीचे एकेक करून उठले. जाताना प्रत्येकाने रोजच्यासारखे बाईंना वाकून नमस्कार केला, आणि त्याहून कठोर असे मी काही पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पायरी उघडी होती, आकाश स्वच्छ होते, आणि मी वाजलो. बेटावर माणसे काठाशी आली. पण होडी सुटली नाही. एक बाप स्वतः वल्हवत या काठाला आला, पायरी पाहून परत गेला आणि मग मुले आली. माझा आवाज अजून तेवढाच लांब पोचत होता. तो पोचल्यावर त्याचे काय करायचे, हे मात्र आता कुणाला ठाऊक नव्हते.

तोआन लुआला दक्षिणेकडे घेऊन गेला. पुढच्या वर्षी बेटावरच्या मुलांनी खालच्या पुलावरून मोठ्या शाळेला जाणारी गाडी धरली. ज्या शाळेसाठी ते घडले, तिच्यात बावीस मुले उरली. दोन्ही खोल्यांना कुलूप बाईंनी स्वतः लावले. मोठ्या शाळेत त्यांना वरचे पद देऊ केले होते. त्यांनी दुसरीचा वर्ग मागून घेतला.

मीही त्याच शाळेत आलो. इथे विजेची घंटा आहे. मी बाकांच्या खोलीत असतो, आणि पाच सप्टेंबरला, शाळा उघडते त्या दिवशी, मला पटांगणात आणून कुणी पाहुणे वाजवतात. मुले टाळ्या पिटतात. पहिल्या वर्षी इथल्या मुख्याध्यापकांनी टिपरू खुएबाईंच्या हाती देऊ केले, कारण मी त्यांच्या शाळेचा. त्यांनी मान हलवली आणि त्या आपल्या वर्गातल्या एका मुलीच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसल्या.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. फणसाचे लाकूड टिकाऊ असते. पण तुमच्या शाळेतही कुणी एक माणूस सगळ्यांच्या आधी येत असेल, कुलूप काढत असेल, छप्पर, पाणी, पत्रे, आकडे सगळे एकट्याने पाहत असेल. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता, आणि विश्वास ठेवला की पाहणे सोडून देता. तसे करू नका. अकरा वर्षे खुएबाई त्या घाटावर एकट्या उतरल्या. त्यांच्याबरोबर कधी कुणी उतरले नाही. त्या ऑक्टोबरात पाण्याशी दुसरे कुणी उभे असते, अगदी तुमच्याएवढे, आणि त्याने नुसते विचारले असते, “बाई, पायरी दिसत नाही ना?”, तर त्यांनी “नाही” म्हटले असते. मला त्यांचा हात ठाऊक आहे. त्यांनी खरेच सांगितले असते.