शेवटखाऊ हैदरचाचा आणि सातवं रीळ

आमच्या वाचनालयात एक देवघेव रजिस्टर आहे. कोणतं पुस्तक किती वेळा घरी गेलं, ते त्यात लिहिलेलं असतं. अध्यक्ष हिंमतरावांचा या रजिस्टरवर भलता विश्वास. मे महिन्यात त्यांनी ते उघडलं, संदर्भग्रंथांच्या कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पुष्पाताई, या कपाटातलं एकबी पुस्तक अकरा वर्षांत कोनं घरी नेलं नाई. रद्दीत काढा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकायले जागा पाहिजे."

आता संदर्भग्रंथ घरी द्यायचाच नसतो. तो इथं बसून पाहायचा, असा नियम भिंतीवर लावलेला आहे आणि त्याखाली सही खुद्द हिंमतरावांचीच आहे. म्हणजे आधी घरी नेऊ द्यायचं नाही, आणि मग घरी गेलं नाही म्हणून रद्दीत घालायचं. मी हे त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा आला आणि मी यादीवर सही करून टाकली. धामणगाव बढेत सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून बसून माझा स्वभाव तिखट झालाय असं लोक म्हणतात. त्या दिवशी हा तिखटपणा कुठं गेला होता, देव जाणे.

खरं सांगायचं तर त्या यादीतल्या एका ग्रंथावर माझाही राग होता. 'सुहासलता : कारकीर्दीचा संदर्भकोश', खंड एक आणि दोन. सुहासलता म्हणजे काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या जमान्यातली नटी. एका नवरा-बायकोनं सतरा वर्षं खपून हा कोश केला होता. इतका जाडजूड ग्रंथ, पण तिचं लग्न कुणाशी झालं, कुणाशी बिनसलं, याचा त्यात एक शब्द नाही. कोणत्या सिनेमात तिचं काम काय, सिनेमा किती रिळांचा, कोणत्या रिळात काय घडतं, गाणी किती, सेन्सॉरची कात्री कुठं लागली, एवढंच. रिळं मोजायला कोण येणार आहे, असं म्हणत मी अकरा वर्षं त्यावरची धूळ तेवढी पुसली.

ऑगस्टमध्ये बसस्टँडवर फ्लेक्स लागला. पंधरा ऑगस्टला गावातल्या सात ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होता. समितीचे अध्यक्ष अर्थातच हिंमतराव, कारण आमच्या गावात एकदा अध्यक्ष झालेला माणूस सगळीकडेच अध्यक्ष असतो. फ्लेक्सवर सात फोटो होते आणि तिसऱ्या फोटोखाली छापलं होतं : श्री. हैदर शेवटखाऊ. गावात सगळे तसंच म्हणत असल्यामुळं फ्लेक्सवाल्याला ते आडनाव वाटलं.

हैदरचाचा आज ऐंशीचे आहेत. तरुणपणी ते टुरिंग टॉकीजच्या तंबूत मशीन चालवायचे. त्रेपन्न वर्षांपूर्वी आमच्या जत्रेत त्यांनी सुहासलताचा 'उतारावरची होडी' लावला. त्यातली बाई शेवटी भावाचं घर सोडते, नदीवर येते, एकटीच होडीत बसते, होडी काठापासून सुटते आणि पडदा एकदम पांढरा होतो. ती पोचली की बुडाली, काहीच कळत नाही. 'समाप्त' ही पाटीसुद्धा आली नाही, आणि त्या काळात पाटी आल्याशिवाय कुणी जागचं उठत नसे. लोक थोडा वेळ थांबले, मग खवळले. तेव्हा एकच सिनेमा दोन गावांच्या तंबूंत एका रात्री चालायचा आणि एका तंबूत झालेली रिळं मोटरसायकलवरून दुसऱ्या तंबूत यायची. त्यामुळं शेवटचं रीळ आलंच नाही आणि हैदरनं तसंच गुंडाळलं, असा निकाल जागच्या जागी लागला. पडद्यावर एक चप्पल आली. कुणीतरी ओरडलं, "शेवट खाल्ला बे यानं." ते हैदरचाचांना जन्माचं चिकटलं.

आमच्याकडं रोज पेपर वाचायला येणाऱ्या मनकर्णाबाई त्या रात्री तंबूत होत्या. सुहासलताचा विषय निघाला की त्या आजही चष्मा काढून ठेवतात. "बुडाली असन ते," म्हणतात. "वल्हं हातात धरता येत नोतं तिले. पयल्या रिळात तर होडीले पाहून भेत होती."

फ्लेक्स लागला त्याच दुपारी हैदरचाचांच्या घरच्या अमीरबी चाची वाचनालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मी खुर्ची दिली.

"बाई, ते पोस्टर पायलं तुमी?"

"पाहिलं, चाची."

"हासत हासत घरी आले. मंग ताटावर बसले अन तसेच उठले. म्हनते, उद्या मेलो त कबरीवरबी लोकं हेच लिहतीन." चाचींनी पदरानं तोंड पुसलं. "शेवट तेवढाच होता, असं ते पयल्यापासून सांगून राह्यले. म्या मानलं. पन म्या त घरवाली, माह्यं कोन ऐकते? तुमच्याकडं त्या नटीचं मोठं किताब हाये म्हनते. त्यात लिहेल असन ना?"

मला स्वतःची लाज वाटली. ते किताब मीच सुतळीनं बांधून व्हरांड्यात ठेवलं होतं आणि सोमवारी रद्दीवाला येणार होता. चाचींच्या देखत मी गठ्ठा सोडला. खंड एक निघाला. पण सिनेमे सालवार लावलेले आणि 'उतारावरची होडी' दुसऱ्या खंडात, आणि दुसरा खंड गठ्ठ्यात नव्हता. बांधताना मी खंड मोजलेच नव्हते. वाचनालयाच्या किल्ल्या दोघांकडंच असतात. एक माझ्याकडं. मी चाचींना थांबायला सांगितलं आणि पायात चपला घालून हिंमतरावांच्या घरी निघाले.

हिंमतराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. पेपर सरळ होता, पण त्याच्याखालून हिरव्या कापडी बांधणीचा एक कोपरा दिसत होता.

"भाऊ, संदर्भग्रंथ घरी आणायचा नसतो," मी म्हणाले.

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. दडवादडवी केली नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं. "बसा ताई," म्हणाले. "एप्रिलपासून वाचून राह्यलो मी हे."

"म्हणजे आधी वाचलं आणि मग रद्दीत काढायला सांगितलं?"

त्यांनी खुणेचं पान उघडून ग्रंथ माझ्यापुढं केला. तिथं बारीक टायपात छापलं होतं : 'उतारावरची होडी. चौदा रिळे. अंतिम दृश्य : नायिका होडीत बसते, होडी काठापासून सुटते. पडदा पांढरा. दिग्दर्शकाच्या इच्छेनुसार समाप्तीची पाटी नाही. या कारणावरून काही गावांत प्रेक्षकांनी खेळ बंद पाडल्याची नोंद आहे.'

"ते चप्पल माह्यी होती," हिंमतराव हळूच म्हणाले. "अन ते नावबी मीच ठेवलं. त्रेपन्न वर्षं लोकायले हासवलं म्या त्याच्यावर. आता कोन्या तोंडानं सांगू, का तो खरा होता?"

मग मात्र माझा तिखटपणा जागेवर आला. मी म्हणाले, "ज्या तोंडानं नाव ठेवलं, त्याच तोंडानं सांगा. पंधरा ऑगस्टला, माइकवर. नाहीतर मी सांगते, आणि चप्पल कोणाची होती तेही सांगते." त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. सुटका झाल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मी खंड काखेत मारून परत आले आणि चाचींना म्हणाले, चाचांना घेऊन या.

हैदरचाचा धुतलेला सदरा घालून आले. मी शेवटाची नोंद वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली आणि तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकली. चाची नुसत्या त्यांच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता उठतील. पण ते उठेनात.

"बेटा," ते म्हणाले, "सातव्या रिळात काय हाये, तेबी लिहेल असन काय?"

"असेल की. का हो?"

त्यांनी चाचींकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "त्या राती सातवं रीळ त्या तंबूतून आलंच नाई. आठवं आलं, नववं आलं, सातवं तिकडंच राह्यलं. लोकं शिट्ट्या मारून राह्यले होते. म्या सहाव्याले आठवं जोडून देलं. कोनाले समजलं नाई. सकाळी पेटी शहरात वापस गेली, मंग मलेबी ते कधी पाहाले भेटलं नाई."

चाचींना हे नवीन होतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मी पान उलटून वाचलं : 'रीळ सात. पहाटेची नदी. म्हातारा नावाडी नायिकेला होडी वल्हवायला शिकवतो. गीत एक. रिळाच्या अखेरीस नायिका एकटीने नदी पार करते आणि परत येते. लांबी नऊशे त्रेसष्ट फूट.'

चाचा हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजे लोकं खरंच बोलत होते," ते म्हणाले. "तिले वल्हवता येते, हे मालूम असतं, त कोनं कायले चप्पल फेकली असती? चालली आपली पलीकडं, म्हनून उठले असते. शेवट म्याच खाल्ला बेटा. सातव्या रिळात खाल्ला."

"चूप बसा," चाची म्हणाल्या. "हिंमतराव बोलतीन ते ऐकून घ्या, शाल घ्या अन सीधे घरी या." मीही तेच म्हणाले. इतक्या वर्षांनी माणसाच्या पदरात चार चांगले शब्द पडणार होते, ते सोडा कशाला? आम्ही तिघं सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. चाचा सदरा झटकून उठले आणि निघून गेले.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात हिंमतरावांनी शब्द पाळला. नोंद वाचली, चप्पल कबूल केली, नाव मागं घेतलं आणि हैदरचाचांना हात जोडले. टाळ्या पडल्या. चाचांना शाल आणि नारळ मिळाला. पहिल्या रांगेत चाची पदर सावरून बसल्या होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि चाचांनी माइक मागितला.

त्यांनी सगळं सांगितलं. सातवं रीळ, सहाव्याला जोडलेलं आठवं, पहाटेची नदी, म्हातारा नावाडी. चाचींनी कपाळाला हात लावला. पटांगणात कुणाला हसावं की काय करावं कळेना. हिंमतराव तर माझ्याकडं असे बघत होते, जणू ते रीळ मीच लपवलं होतं.

मनकर्णाबाईही त्या सात जणांत होत्या, सत्काराची शाल अंगावर घेऊन शेजारच्याच खुर्चीत. त्यांनी चष्मा काढला.

"म्हंजे ते बाई बुडाली नाई?"

"नाई, मनकर्णा," चाचा माइकवरच म्हणाले. "तिले वल्हवता येत होतं."

मनकर्णाबाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "त्रेपन्न वर्षं म्या तिची काळजी करून राह्यली, अन तू आता सांगून राह्यला होय रे?" तेव्हा कुठं पटांगण हसलं. चाचीही हसल्या, आणि घरी जाताना चाचांची शाल त्यांच्याच खांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मी आठला कुलूप उघडायला गेले तर मनकर्णाबाई, हैदरचाचा आणि हिंमतराव पायरीवर बसलेले. मी खंड दोन टेबलावर ठेवला आणि सातवं रीळ वाचलं. ती चार ओळींची नोंद आहे. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. 'एकटीने नदी पार करते आणि परत येते' इथं आलं की मनकर्णाबाई दर वेळी मान हलवतात. अजूनही दर मंगळवारी येतात तिघं. गठ्ठ्यातले सगळे ग्रंथ कपाटात परत गेले, आणि रद्दीवाल्याला हिंमतरावांनी स्वतःच वाटेला लावलं. देवघेव रजिस्टरात त्या कोशापुढं आजही शून्यच आहे, आणि मी ते तसंच राहू देणार आहे.