अनुमतीचं रेकॉर्डिंग

डिश भरली, हे त्रिशलाला आधी खरंच वाटेना. कणगी भरते, टाकी भरते, माणसाचं मनही भरतं. पण हवेतून येणाऱ्या चित्रांनी टीव्हीखालचा एवढासा डबा कसा भरावा? तरी सकाळी सहा वीसला प्रवचन सुरू झालं आणि पडद्यावर पाटी आली : जागा शिल्लक नाही, सर्वांत जुनं रेकॉर्डिंग काढून टाकलं जाईल. खाली दोन चौकटी. होय आणि नाही.

तिनं ‘नाही’ दाबलं, रिमोट पदराखाली घेतला आणि तशीच बसून राहिली. कुणी येऊन हातातून हिसकावून घेईल अशी.

सर्वांत जुनं रेकॉर्डिंग म्हणजे प्रीतीची दीक्षा. तीन वर्षांमागं एका धार्मिक चॅनलवर ती सगळी दाखवली होती, पाच तास. त्या दिवसापासून तिची लेक प्रीती राहिली नव्हती, जैन साध्वी झाली होती, आर्यिका सन्मतीमाताजी. संघ सध्या राजस्थानात होता. रोज सकाळी त्याच चॅनलवर आचार्यांचं प्रवचन लागायचं, आणि मागं पांढऱ्या साड्यांची जी रांग बसायची तिच्यात चौथी ही. कॅमेरा एकदा, फार तर दोनदा, त्या रांगेवरून फिरायचा. दोन सेकंद. कधी नेमका पंखा आड यायचा, कधी कुणाची मोरपिसांची पिंछी. त्या दोन सेकंदांसाठी त्रिशलानं साडेसातशेच्या वर प्रवचनं साठवली होती आणि एकही पुसलं नव्हतं.

“अपरिग्रहावरचंच चारदा झालंय,” नवरा जिनदत्त एकदा म्हणाला होता. तिला ते लागलं होतं. लागावं म्हणून तो बोलला नव्हता, पण त्याचं काहीही बोलणं तिला तीन वर्षं लागतच होतं.

त्याला कारण त्याच दीक्षेत होतं. दीक्षा द्यायच्या आधी आचार्य भर मंडपात आईबापांची अनुमती विचारतात. दोघांनी हात वर करायचा असतो. हात वर झाले की मगच पुढचं. त्रिशलाला चांगलं आठवत होतं, ती हात वर करणार नव्हती. जिनदत्तनं तिचं मनगट धरलं आणि वर नेलं. लेथवर लोखंड धरणारा हात, त्याच्यापुढं तिचं काय चालणार?

त्याच रात्री तिनं हे फोनवर मुलाला सांगितलं. पारस साताऱ्यात नोकरीला. बहिणीच्या दीक्षेला त्याचा विरोध होता, म्हणून तो आलाच नव्हता. आईचं ऐकल्यापासून तो बापाशी बोलायचा बंद झाला. त्याला मुलगी झाली, ब्राह्मी. आता दोन वर्षांची. जिनदत्तनं नात पाहिली ती बायकोच्या फोनमधल्या फोटोत. त्रिशला दोन महिन्यांतनं एकदा एसटीनं एकटीच साताऱ्याला जायची. पारस म्हणायचा, “आई, ते रेकॉर्डिंग एकदा मला दाखव. मग कुणी काय बोलंल ते बघू.” ती म्हणायची, दाखवते.

तिनं स्वतः मात्र तेवढा भाग कधी पाहिला नव्हता. शोभायात्रा बघायची, मग बोट दाबून पुढं पळवायची, ते थेट केस उपटायच्या विधीपर्यंत, केशलोचापर्यंत. आपल्या मनगटावरचा तो हात तिला बघवत नव्हता. पण तो तिथं आत आहे, जाणार नाही, एवढ्यावर ती तगून होती. आणि आता डबाच म्हणत होता, पुसतो.

जिनदत्तनंच लालासाहेबाला फोन केला. लालासाहेब मूळचा कोरेगावकडचा. सैन्यात वीस वर्षं सिग्नलमध्ये काढून आता कुपवाडात डिश आणि टीव्हीच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचा. आला तो नवी डिस्क, वायरींचं भेंडोळं आणि आवाज घेऊनच.

“वैनी, ह्यो बॉक्स म्हंजे आमच्या पलटनीतला स्टोअरकीपर. आत गेलेलं बाहीर देत न्हाई.”

“आन भरल्यावर?”

“भरल्यावर जुनं फेकतो. आमचा स्टोअरकीपर तेबी करायचा न्हाई.”

त्यानं डिस्क बॉक्सच्या मागं जोडली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग त्यानं डिस्कची वेगळी वायर भिंतीतल्या प्लगात खोचली. “बॉक्सच्या अंगात तिला चालवायचं बळ न्हाई. तिचं तिला स्वतंत्र जेवाण लागतंय.” लगेच पाटी आली : डिस्क पुसून तयार करायची का?

“दाबू नका!” त्रिशला उठून उभी राहिली.

“आवं, ही नवी डिस्क हाय. कोऱ्या पाटीवर काय पुसणार? बॉक्स तिच्यावर आपल्या रेघा वडून घेतोय, तवाच तिला आपली म्हंतोय. तुमचं जुनं आतल्या पोटात हाय तसंच ऱ्हातंय. ह्याच्याम्होरं येईल ते हिच्यावर.”

“हिच्यावर किती बसंल?”

“अजून धा वर्सं रोज प्रवचन भरा.”

धा वर्षं. त्रिशलानं मनातल्या मनात दोन सेकंदांची धा वर्षं धरून बघितली, आणि ती फार वाटेनात.

“मग दीक्षेचं आता जात न्हाई न्हवं?”

लालासाहेबानं बॉक्सवर तळवा ठेवला आणि झटकला. “जात न्हाई. पर बॉक्स बघा कसा तापलाय, भाकरी भाजंल. सा वर्सांचा झाला. ह्यो गेला की आतलं समदं गेलं. ह्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सला कळत न्हाई, कंप्यूटरला कळत न्हाई. कुलूप असतंय तसलं.”

त्रिशलाचा चेहरा बघून तो थांबला. मग बॅगेतून तळहाताएवढी एक डबी काढली. “एक विलाज हाय. बॉक्समधनं पिवळी-लाल-पांढरी वायर ह्या डबीत घालायची. टीव्हीवर जे दिसंल ते डबी पेनड्राइव्हवर उतरून घेती. पर जसं चालंल तसं. पाच तासाचं असलं तर पाच तास. पुढं पळवायचं न्हाई, मधी थांबवायचं न्हाई. आन कुणीतरी बसून ऱ्हायला पायजे. अर्ध्या तासानं बॉक्स इचारतोय, बघताय का झोपलाय? बटण दाबलं न्हाई तर बंद पडतोय.”

“बसते मी.”

“एवढं काय हाय त्यात?” त्यानं सहज विचारलं.

आणि त्रिशलानं सांगितलं. नवरा तीन हात अंतरावर वायरी गुंडाळत बसला असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. “माझी अनुमती न्हवती. ह्यांनी माझा हात धरून वर केला. ते हाय त्यात.”

 लालासाहेबानं जिनदत्तकडं पाहिलं. जिनदत्त म्हणाला, “वायर आखूड पडती काय रं? लांब हाय माझ्याकडं.”

बाराला लावून दिलं. पाचला येतो म्हणून लालासाहेब गेला.

तिला वाटलं होतं जिनदत्त कारखान्यात जाईल. सहा जणांचा कारखाना, पण एक दिवसही तो चुकवायचा नाही. आज त्यानं कामगाराला फोन करून सांगितलं, मी येत न्हाई, आणि खुर्ची ओढून टीव्हीपुढं बसला. रिमोट स्वतःकडं घेतला. तीन वर्षांत त्यानं हे रेकॉर्डिंग तिच्यासमोर कधी बघितलं नव्हतं.

शोभायात्रा निघाली. सजवलेल्या रथात प्रीती, शालू नेसलेली, कोपरापर्यंत मेंदी. लोक अक्षता टाकत होते आणि ती प्रत्येकाकडं बघून हसत होती, जणू हळदीकुंकवाला आलेल्या बायका. एका जागी रथाला धक्का बसला आणि तिनं पटकन शेजारणीचा दंड धरला. जिनदत्त हळूच हसला. “लहानपणी बैलगाडीतबी असंच.”



दीड तास झाला. मंडप दिसायला लागला. माणसंच माणसं. आचार्य उच्चासनावर, खाली प्रीती हात जोडून. इथंच ती रोज बोट दाबायची. 

“त्रिशला, जा, जरा च्या टाक,” जिनदत्त म्हणाला.

“आत्ता?”

“डोकं दुखतंय माझं. जा गं. मी बसलोय न्हवं. बटण दाबतो.”

“न्हाई जात.”

“जा म्हंतोय.” त्याचा आवाज चढला नव्हता. विनवल्यासारखा झाला होता. त्यानंच तिला राग आला. आता बरा तोंड लपवतोय. भर मंडपात नाही लाज वाटली.

“बघू दे मला तुमचा हात,” ती म्हणाली.

 त्यानं रिमोट मांडीवर ठेवला आणि खिडकीकडं तोंड केलं.

आचार्यांनी विचारलं. माता-पित्यांची अनुमती आहे ना? कॅमेरा प्रीतीवरून सरकत पहिल्या ओळीवर आला. हे दोघं. त्रिशलाला स्वतःला बघून परकं वाटलं. ही मोरपंखी साडी आपली, हा एवढा सुजलेला चेहरा कुणाचा?

आणि त्या बाईनं हात वर केला.

आपला आपण. सरळ. बांगड्या मनगटावरून कोपराकडं घसरल्या. तिला कुणी धरलं नव्हतं. शेजारी जिनदत्त मान खाली घालून बसला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या. मंडपात जयजयकार सुरू झाला, मग कमी झाला, कारण आचार्य अजून थांबले होते. बापाचा हात खालीच होता. तेव्हा त्या बाईनं दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट धरलं. ते लगेच आलं नाही. तिनं ओढलं. दोन हात वर झाले, एक ताठ आणि एक लोंबता, आणि कॅमेरा पुन्हा आचार्यांकडं गेला.

 त्रिशलानं रिमोटकडं हात नेला.

“मागं घेऊ नकोस,” जिनदत्त म्हणाला. “उतरतंय ते. खराब हुईल.”

तिनं हात काढून घेतला. चित्र पुढं चालू राहिलं. उठून जाण्याची सोय नव्हती, थांबवण्याची नव्हती. प्रीती आता दागिने उतरवत होती, एकेक करून ताटात ठेवत होती. ते ठेवण्याचे आवाजसुद्धा येत होते.

आणि मग थोडं थोडं, नको असताना, तिला आठवलं. आचार्यांनी विचारलं तेव्हा प्रीती बापाकडं बघत नव्हती. आईकडं बघत होती. त्या नजरेत भीती होती : आई आता उठून जाईल, एवढ्या हजार माणसांत. लेकीची मान खाली जाईल म्हणून, एवढ्याशासाठी, हात वर झाला होता. घरी येईपर्यंत तो हात तिला सोसवेना. मग तो तिनं नवऱ्याचा केला.

 बॉक्सनं विचारलं, बघताय का? जिनदत्तनं बटण दाबलं.

“तुमाला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“मनगट माझं हुतं की.”

“मग सांगितलं का न्हाई? पारस बोलायचा बंद झाला. नात बघितली न्हाईसा. मी समद्यांस्नी सांगत हिंडले, आज त्या लालासाहेबालाबी... तुमी वायर शोधत बसला.”

तो पडद्याकडं बघत होता. केशलोच सुरू झाला होता. प्रीतीचे केस मुठीमुठीनं निघत होते आणि खाली पांढरं कापड धरून पडद्यावरची त्रिशला रडत बसली होती. प्रीतीच्या चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती.

“लेक गेल्यावर तू चार दिवस अन्नाला शिवली न्हाईस,” जिनदत्त म्हणाला. “पाचव्या दिवशी माझ्यावर वराडलीस आन मग जेवलीस. मला वाटलं, आसू दे. हिला धरायला कायतरी पायजे.”

“आन तुमाला?”

“मला लेथ हाय.”

ती रडली. तोंडाला पदर लावून नाही, तशीच, पडद्यावरच्या बाईच्या बरोबरीनं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. आता हात हा विषयच दोघांना अवघड झाला होता. पण खुर्ची सोडून तो सतरंजीवर तिच्या शेजारी येऊन बसला, आणि दर अर्ध्या तासानं बटण दाबत राहिला. पांढरी साडी, पिंछी, कमंडलू. नवं नाव पुकारलं गेलं. पाच तास संपले.

लालासाहेब आला. डबी सोडवली, पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पाहिला. “बेस उतरलंय. आवाजबी खणखणीत.”

“लालासाहेब,” त्रिशला म्हणाली. “सकाळी मी तुमाला सांगितलं ते खोटं हुतं. हात मीच वर केला. ह्यांचाबी मीच केला.”

त्यानं एकदा तिच्याकडं, एकदा जिनदत्तकडं बघितलं. “वैनी, मी वायरमन माणूस,” तो म्हणाला. “चित्र आलं का न्हाई, एवढंच बघतो.” मग जरा थांबून, “आणिक एक कॉपी काढू का?”

“काढा. साताऱ्याला पाठवायची हाय.”

“नको,” जिनदत्त म्हणाला. “पोरगं तुझ्यावर उलटंल. एक तुटलंय ते बास झालं.”

“उलटू दे.”

“त्रिशला, ऐक माझं.”

“तीन वर्सं तुमीच ऐकलं की. आता ऱ्हाऊ दे.”

लालासाहेब गेला. सूर्य खाली आला होता. बुडायच्या आत जेवण उरकायचं म्हणून तिनं ताटं घेतली, वाढली, आणि ताटावर बसायच्या ऐवजी फोन उचलला. पारसनं लगेच घेतला. मागं ब्राह्मी कशासाठी तरी भोकाड पसरून रडत होती.

“आई, आत्ता? काय झालं?”

“पारस, ते रेकॉर्डिंग बघितलं मी. अण्णांनी माझा हात धरला न्हवता. मी केला वर. त्यांचा हात खाली हुता, त्योबी मीच धरून केला. तुला मी खोटं सांगितलं. पेनड्राइव्ह पाठवते, तुझ्या डोळ्यानं बघ.”

 पलीकडून ब्राह्मीचं रडणं तेवढं आलं. मग प्रीतीचा भाऊ, पस्तिशीचा बाप्या, अगदी लहान आवाजात म्हणाला, “तीन वर्सं, आई?”

“व्हय.”

“तीन वर्सं मी त्यांच्याशी...”

“व्हय. ते माझ्या डोक्यावर.”

तो श्वास घेत होता, तिला ऐकू येत होतं. तो ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो ओरडला नाही. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. “अण्णा आहेत तिथं?” त्यानं विचारलं.

तिनं फोन पुढं केला. जिनदत्तनं आधी हात धोतराला पुसला, मग घेतला. कानाला लावला. तीन वर्षांचं काय बोलायचं असतं ते त्यालाही ठाऊक नसावं.

“पोरगी का रडाय लागलीया?” तो म्हणाला. “दे जरा तिच्याकडं.”