दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

वेल्डरने फळ्यावरून आपला पितळी बिल्ला काढला, तसा बिल्लेवाल्या काकांनी रिकामा खिळा अंगठ्याने चाचपला. फळ्यावरचा शेवटचा बिल्ला होता तो.

"सुटली एकदाची बया," वेल्डर जहाजाकडे बघत म्हणाला.

"नीघ आता. नाहीतर नवरीबरोबर तुलाही ढकलतील पाण्यात."

नवरी उतारावर उभी होती. तेरा मजल्यांची, पांढरीशुभ्र, पोटात दोन पोहायचे तलाव आणि एक नाटकगृह. अकरा वाजता पाण्यात जायची होती. साहेबलोक मांडवात बसले होते, बँडवाले पिपाण्या फुंकून बघत होते. पण काकांच्या हिरव्या बावट्याशिवाय साहेबाच्या बापालाही जहाज अडवून धरणारी पाचर काढता येत नव्हती. जहाजाच्या तळातल्या टाकीत उतरणाऱ्याने आपला बिल्ला काकांच्या फळ्यावर टांगायचा, वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. एक जरी बिल्ला लटकत असला, तरी झाकण बसायचं नाही आणि जहाज हलायचं नाही.

"काका."

टाकीत जीव गेलेल्या रंगाऱ्याची बायको होती. आज घरच्या माणसांना आत सोडलं होतं. तिने रुमालाची गाठ सोडली आणि बिल्ला पुढे केला. दोनशे चौदा.

"ऑफिसनं त्यांच्या कपड्यांबरोबर दिला होता. तुमच्याकडे ठेवा."

"घरात राहू दे की, पोरी."

"हा दिसला की सासरे कपाळ बडवून घेतात. बिल्ला न टांगता उतरला, म्हणजे आपल्या पायानं मरायला गेला, असं सगळे म्हणतात. परवा शाळेत लेकीला कुणीतरी म्हणालं, तुझा बाप बिनडोक होता." तिने रिकाम्या रुमालाची घडी घातली. "विसरभोळे होते, मान्य. एकदा तर मलाच बाजारात विसरून घरी आले होते. पण काका, ते बिल्ला काढायला विसरायचे. टांगायला नाही. तुम्हीच चेष्टा करायचात ना?"

काकांनी बावट्याची काठी या हातातून त्या हातात घेतली.

"जा, बस जाऊन. ऊन लागेल."

बिल्ला काकांच्या हातात ठेवून ती गेली.

खोटं काय बोलली होती ती? सुट्टीचा भोंगा झाला की गडी जेवणाचा डबा घेऊन पळायचा, बिल्ला फळ्यावर तसाच. घरी जाताना बिल्ला गेटवर ठेवायचा असे; त्याला उद्या बोलणी खायला नकोत म्हणून काका जाताना तो गेटवरच्या खिळ्याला अडकवायचे. वर्षभर हेच चाललं होतं. चार महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळीही काकांनी तेच केलं. टाकीत वाकून एक हाक मारायची, ती मारली नाही. मागून झाकण बसलं, बोल्ट आवळले गेले. सकाळी रंगाच्या वाफेत रंगारी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला मिठी मारून सापडला. झाकणावर आतल्या बाजूने ब्रशच्या दांड्याच्या ठोक्यांचे व्रण उमटले होते.

चौकशीवाले म्हणाले, बिल्ला गेटवर होता, म्हणजे यानं टांगलाच नाही. खरं ना काका? काकांनी 'हो' म्हणून मान हलवली होती.

"काका, बावटा!" खालून फोरमन ओरडला. बँड सुरू झाला. पाचरीवाल्यांनी हातोडे उचलले.

काकांनी बावटा जमिनीवर ठेवला. बिल्ला बाहीला घासून पुसला आणि मधल्या खिळ्याला टांगला.

फोरमन धापा टाकत जिना चढून आला.

"हे काय? कोण राहिलंय आत?"

"रंगारी."

"कुठला रंगारी? सगळे बाहेर आ..." त्याची नजर नंबरवर गेली. आवाज खाली आला. "काका, डोकं फिरलं का तुमचं? मंत्री बसलाय तिथं."

"बसू दे. त्यानं टांगला होता. मी काढला."

"काय?"

"त्या दिवशी. माझ्या हातानं काढला. साहेबाला बोलव, त्याच्यापुढं सांगतो."

"आणि जहाज?"

"फळा काय म्हणतो?"

फोरमनने बिल्ल्याकडे हात नेला. पण वीस वर्षं याच गोदीत काढलेला माणूस तो. हात बिल्ल्यापासून वीतभर अलीकडेच थांबला.

बँड एकेक वाद्य करत बंद पडला. पाचरीवाल्यांचे हातोडे खांद्यावर तसेच राहिले. सगळे फळ्याकडे बघत होते. मांडवाच्या शेवटच्या रांगेत एक बाई उभी राहिली होती.