चांदीच्या रुपयाचं दही

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या फळीवर एक जुना सट बसलेला दिसतो का तुम्हाला? पोटाला पांढरा, खांद्याला तपकिरी, कडेचा एक टवका उडालेला? तोच मी. चिनीमातीचा, दह्याचा सट. माझ्या पोटात आता दही नाही. संध्याकाळी चांदीचा एक रुपया तेवढा येतो. रुपया माझ्यात कसा आला आणि दही माझ्यातून कसं गेलं, ते आज सांगावं म्हणतो. ऐकायला थोडा वेळ काढा.

मी मातीचाच. कुणीतरी मला चाकावर फिरवलं, कुणीतरी भट्टीत ठेवलं. ती आग मी सोसली, म्हणून पुढं आयुष्यभर दुधाला गारवा देऊ शकलो. गवतात गुंडाळून मला हातकणंगल्याच्या बाजारात आणलं. तिथं एका आईनं बोटाच्या पेरानं टकटक करून मला वाजवून पाहिलं, आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. लेक म्हणजे अक्काताई. लग्नानंतर ती एसटीनं कोल्हापूरला आली तेव्हा ट्रंक वर टपावर होती आणि मी तिच्या मांडीवर.

सासर शाहूपुरीत. नवरा तात्यासो, गुळाचे अडत व्यापारी. त्या घराच्या भिंतींनासुद्धा गुळाचा वास होता. अशा घरात मी दह्याचा सट म्हणून नांदायला आलो.

घर जैनांचं. कालचं दही आज चालत नसे, आणि जुन्या दह्याचं विरजण घालून नवं दही लावलेलंही अक्काताईला चालत नसे. तिच्या आईनं तिला चांदीचा एक रुपया दिला होता. दूध तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, माझ्यात ओतायचं आणि तो रुपया धुऊन हळूच आत सोडायचा. आवाज न करता तो तळाशी जायचा. मग माझ्यावर झाकण, झाकणावर फडकं, आणि अक्काताईच्या ओठांवर ओवी:

रुप्याचा गं रुपया, दुधात निजवीला
माझ्या गं बाळासाठी, चांद मी विरजीला

रात्रभर तो चांद माझ्या पोटात झोपायचा आणि सकाळी दही कवडीसारखं लागलेलं असायचं. किंचित आंबट. वर सायीची घडी. मित्रांनो, यापेक्षा मोठं कौतुक मला कधी नको होतं.

घरात मुलं झाली, मुलांना मुलं झाली. सगळ्यांत धाकटा नातू केतन. त्याला दह्यापेक्षा रुपयाचं वेड. दही संपत आलं की माझ्यात हात घालून तो रुपया काढायचा आणि चाटूनपुसून लख्ख करायचा.

"गिळशील की रं, केत्या," अक्काताई म्हणायची.

"गिळला तर माझ्या पोटात दही लागंल, आज्जी."

पुढं अक्काताईला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड सोडायला सांगितलं. तिनं मान हलवली आणि ढेपेच्या कोपऱ्याचा खडा तोंडात टाकतच राहिली. गुळाच्या घरात गूळ कुणी मोजत नाही. पण एका चातुर्मासात ती पेठेतल्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, गेली आणि नेम घेऊन आली. त्यांच्यात खाण्याचे सहा रस मानतात: दूध, दही, तूप, तेल, मीठ आणि गोड. ज्याला जो जमेल तो रस तो सोडतो. अक्काताईनं गोडाचा रस जन्मभरासाठी सोडला.

"अडत्याच्या घरात ऱ्हाऊन गोड सोडलंस," तात्यासो म्हणाले. "आता मी गूळ कुणाच्या जिवावर विकू?"

"तुमच्या जिभंवर हाय की तेवढा," ती म्हणाली. "तेवढाच विका."

डॉक्टरांचं जे तिनं ऐकलं नव्हतं, ते नेमाचं ऐकलं. केतन पास झाल्याचे पेढे तिनं गल्लीभर वाटले आणि घरी येऊन बोटं तेवढी हुंगली. मी पाहिलंय. नेम तिच्यासाठी अंगावरच्या कातडीसारखा होता. काढून ठेवायची सोय नव्हती.

मग केतन पुण्याची नोकरी सोडून परत आला. राजारामपुरीत त्यानं दुकान घेतलं. फ्रोझन योगर्टचं. दही यंत्रात घालायचं, घुसळत घुसळत गोठवायचं आणि मऊ लडीसारखं कपात सोडायचं. वर फळं, वर चॉकलेटचे तुकडे, वर रंगीत गोळ्या. दुकान उघडायच्या आधी तो स्वयंपाकघरात आला आणि मला दोन्ही हातांनी उचललं.

"आज्जी, तुझा सट दे की दुकानात मांडायला. लोकांना कळू दे, आमचं दही घरंदाज हाय."

"सट नेतोस तर आज्जीलाबी ने," तात्यासो म्हणाले. "बसीव गल्ल्यावर."

स्कूटरवर जाताना एका खड्ड्यात माझ्या कडेचा टवका उडाला. केतननं तो तुकडा खिशात जपून ठेवला, चिकटवायचा म्हणून. तो चिकटवायचा राहिलाच. रुपया अक्काताईनं काढून घेतला होता. माझ्या पोटात आता लाकडी चमचे उभे राहिले. मी काउंटरवर, डोक्यावर पिवळा दिवा, आणि मागं मोठी पाटी: 'दहीच आहे. बिनधास्त खा.'

उद्घाटनाला अक्काताई आली. माझ्याजवळच्या खुर्चीत बसली आणि प्रश्न विचारायला लागली.

"दही आजचंच न्हवं?"

"आजचंच, आज्जी."

"पाणी गाळलेलं?"

"गाळलेलं, उकळलेलं."

"त्यात हाडाची पूड घालतात म्हणं घट्ट व्हायला."

"न्हाई. डब्यावर हिरवा ठिपका हाय, बघ."

"अंडं?"

"आज्जी, तू नातवाच्या दुकानात आलीस का पोलिसाच्या?"

सगळे हसले. तीही हसली. मग तिनं एक चमचा तोंडात घेतला आणि जरा थांबली.

"गोड लागतंय की रं."

"आंब्याचं हाय ते. फळाची गोडी. दही तर दहीच हाय, फॅट तर अजाबात न्हाई. डॉक्टरबी देतील."

फळं तिला चालत होती. दही चालत होतं. सहा रसांच्या हिशेबात दही वेगळं आणि गोड वेगळं. तिनं कप संपवला. धर्मानं शिकवलेलं सगळं तिनं विचारून घेतलं होतं. एकच विचारायचं राहिलं.

मित्रांनो, मी काउंटरवर होतो, यंत्राच्या अगदी शेजारी. रोज सकाळी मिश्रण होताना मी पाहायचो. बादलीत दही पडायचं, दुधाची पावडर पडायची, आणि मग पिशवी कलती करून साखर. किती तरी वेळ पडत राहायची. गारठ्यानं जीभ बधिर होते, गोडी तिला कमी कळते, म्हणून थंड पदार्थात साखर जास्त लागते. वरच्या आंब्याच्या डब्यातही साखरच. आम्ही दह्याची भांडी. आमच्यात लागलेलं दही आंबट होतं हे आम्हाला ठाऊक. हे दही आंबट व्हायला विसरलं होतं.

केतन कुणाला फसवत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. डब्यावर 'फॅट शून्य' लिहिलेलं त्यानं वाचलं होतं आणि त्याचा त्यावर जीव बसला होता. साय काढली की दही गुणाचं, असं त्याला वाटायचं; पिशवीतली साखर त्याच्या लेखी कृतीतला एक जिन्नस होती, आज्जीनं सोडलेलं गोड नव्हे. दुकानात येणाऱ्या सगळ्यांनाच वाटायचं. एक आई आपल्या मुलीला सांगायची, "आइस्क्रीम नको गं, दही खा, दही चांगलं असतं," आणि वर गोळ्यांचा डोंगर करून घ्यायची. व्यायामशाळेतून आलेली पोरं मोठा कप घ्यायची आणि दंड फुगवून एकमेकांना दाखवायची. दह्याच्या नावावर सगळ्यांचा विश्वास. तो विश्वास माझ्या जातीनं पिढ्यान् पिढ्या कमावलेला. वाईट वाटायचं ते याचंच.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत केतन एक कप भरायचा. गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी तो. अक्काताई अंधार पडल्यावर काही खात नसे, म्हणून त्याची घाई. तो कप तो स्वतः भरायचा, वर आंबा जरा जास्त घालायचा आणि स्कूटरला किक मारायचा. इतकी माया मी कुणाच्या हातात क्वचित पाहिली. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पुढच्या चातुर्मासात ती अनवाणी बस्तीला जाताना पायात काहीतरी रुतलं. जखम लहानच. पण ती मिटेना. तात्यासो दुकानात येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "नेमानं ऱ्हाती, गोडाचा कण न्हाई तोंडात. मग साखर खाली का येईना झाली?" केतन त्यांच्या हातात पाणी द्यायचा आणि अक्काताईचा कप भरायचा. दवाखान्यात ठेवलं, तर कप दवाखान्यात जाऊ लागला.

एका दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टर पूर्णिमा दुकानात आल्या. शेजारच्याच गल्लीतल्या, केतनला लहानपणापासून ओळखणाऱ्या.

"केतन, उद्या पायाचं ठरवायचंय. आज्जी रोज संध्याकाळी काय खातात?"

"दही. आपलंच."

"मी त्यांना विचारलं, गोड खाता का. त्या म्हणाल्या, नेम आहे. दह्यात काय असतं, हे मी विचारलंच नाही. कसं करतोस हे?"

केतन उत्साहानं सांगू लागला. त्याला आवडायचं सांगायला. "ताजं दही घ्यायचं, दुधाची पावडर घालायची, मग त्यात साख..."

त्यानं यंत्राकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"एवढ्यानंच झालं असं नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आजार जुना आहे, जखमही होती. पण रोज त्यात भर पडत गेली रे."

केतननं यंत्राचं बटण बंद केलं. घरघर थांबली तेव्हा दुकान किती शांत असतं ते मला पहिल्यांदा कळलं. त्यानं माझ्यातले चमचे काढले आणि मला छातीशी धरून घरी आणलं. या वेळी स्कूटर त्यानं फार सावकाश चालवली.

अक्काताईचा उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला.

ती घरी आली. केतन तिच्या खाटेजवळ खाली बसला, तिच्याकडं न बघता.

"केत्या, त्यात साखर हुती व्हय रं?"

"व्हय, आज्जी."

"रोज?"

"रोज."

"पायाचं ऱ्हाऊ दे. पाय म्हातारा झाला हुता. पण माझा नेम मोडला की रं."

तात्यासो दारातून म्हणाले, "न कळता मोडला, अगं. त्याचं पाप लागत न्हाई."

"न कळता कसा? पहिल्याच चमच्याला जिभंला कळलं हुतं. नातवानं आणलंय म्हणून मी जिभंचं ऐकलं न्हाई." तिनं हात लांब करून केतनचं डोकं चाचपलं. "तू रडू नगंस. तू दिलंस, मी खाल्लं. अर्धं तुझं, अर्धं माझं."

मग मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त म्हणून तिनं उरलेल्या आयुष्यासाठी दह्याचा रस सोडला. माझं दही. ज्यानं तिला कधी अपाय केला नाही, ते. केतननं तिची फार विनवणी केली. पूर्वी डॉक्टरांसमोर जशी मान हलवली होती, तशीच तिनं पुन्हा हलवली, आणि आपलंच खरं केलं. तेव्हापासून या घरात माझ्यात दूध पडलं नाही. तिच्यासमोर कुणाला दही खाववत नाही.

केतनचं दुकान चालू आहे. पाटी बदलली आहे. आता तिच्यावर लिहिलंय: 'हे गोड आहे. कधीतरी खा, थोडं खा.' कप लहान केलेत. बिनसाखरेचं दही आणि कापलेली फळं असाही एक कप तो ठेवतो, तो फारसा खपत नाही. काही लोक पाटी वाचून हसतात आणि घेतात, काही परत जातात. साखरेच्या आजाराचं कुणी आलं की तो स्वतःच बाहेर येऊन बोलतो.

मित्रांनो, मला त्या यंत्राचा राग नाही. सणासुदीला, वाढदिवसाला तुम्ही एक छोटा कप जरूर खा आणि आनंदानं खा. पण गोडाला गोड म्हणा. दह्याचं नाव लावलं म्हणून साखर दही होत नाही. डब्यावर काय नाही ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. काय आहे ते बारीक अक्षरांत असतं, तेवढं वाचत जा. आणि आपल्या माणसाला मायेनं काही भरवाल, तेव्हा त्याच्या आजारालाही एकदा विचारून घ्या. अक्काताईला कुणी फसवलं नव्हतं. तिच्यावर सगळ्यांची माया होती, आणि विचारायचं तेवढं राहून गेलं.

आता संध्याकाळी ती या खिडकीशी खुर्चीत बसते. बस्तीच्या वाटेकडं बघते. सूर्य खाली जाऊ लागला की केतन तिच्याजवळ येतो. ती त्याला मला फळीवरून काढायला लावते आणि मांडीवर घेते, जशी त्या एसटीत घेऊन बसली होती. फडक्यानं मला आतून पुसते. ओवी तिच्या ओठांपर्यंत येते आणि थांबते. मग पदराच्या गाठीतून ती रुपया काढते आणि माझ्यात सोडते.

इतकी वर्षं तो दुधात निजायला यायचा, आवाज न करता. आता तो वाजतो.